विधवेच्या घराची नवी पाटी

केलीबिया,
ईद होऊन महिना झाला.

आदरणीय लल्ला दूजा,

तुझ्या धाकट्या भावाचा सलाम, आणि समुद्रापलीकडूनच तुझ्या कपाळाचं चुंबन. तुझे गुडघे कसे आहेत? माज़ाऱ्याच्या हवेतली ओल त्यांना सोसत नाही असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. ऑलिव्हचं तेल कोमट करून चोळत जा, आणि तुमच्या त्या इटालियन डॉक्टरला सांगू नकोस. धाकट्या नातीला दात आले का, की अजून बापासारखी नुसत्या हिरड्यांवरच सगळ्यांना धाकात ठेवते? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि पुढे जे लिहिणार आहे ते ओरडून सांगण्याजोगं नाही, निदान आमच्या गल्लीत तरी नाही. आम्ही दोघं ठीक आहोत. माझ्या छातीत बसवलेल्या दोन जाळ्या इमानेइतबारे काम करताहेत. नज़ीहाही सलाम सांगते (प्रत्यक्षात सांगितलेला नाही, ती स्वयंपाकघरात मिरच्या भाजते आहे आणि मी खोकतो आहे; पण विचारलं असतं तर सांगितलाच असता).

नव्या घराचं काय झालं, असं तू विचारलंस. लल्ला, त्याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं तर मी तारच केली असती. चौतीस वर्षं मी ट्यूनिसच्या शाळेत पोरांना व्याकरण शिकवलं आणि चौतीस वर्षं चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात चढलो-उतरलो. हृदयाच्या डॉक्टरांनी जिने बंद केले, तेव्हा मुलांनी मिळून ठरवलं की बाबांनी आता समुद्राकाठी, एकमजली घरात राहावं. घर केलीबियाला मिळालं. पांढरं, निळ्या दाराचं, मधे अंगण, अंगणात एक लिंबाचं झाड आणि एक मेलेली जाई. गच्चीवरून एकीकडे किल्ला दिसतो आणि दुसरीकडे, हवा स्वच्छ असली तर, इटलीचं पहिलं बेट. विकणारी बाई एकटी होती. आता ती मन्ज़ल तमीमला भाच्याकडे राहायला गेली होती. व्यवहार भाच्यानेच केला, ती फक्त सही करायला आली. कागद स्वच्छ, छत कोरडं, विहीर गोडी. दोष एकच होता, आणि तो कागदात कुठेही लिहिलेला नव्हता.

सामानाचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा चालकाने कोपऱ्यावरच्या लमीन किराणावाल्याला आमचा पत्ता विचारला. मी गल्लीचं नाव सांगितलं, क्रमांक सांगितला, निळं दार सांगितलं. लमीन बराच वेळ विचारात पडला आणि मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे हज्जालाचं घर म्हणा की." (हज्जाला म्हणजे नवरा गेलेली बाई, हे तुला सांगायला नको. आणि लोक तो शब्द ज्या तोंडाने उच्चारतात, तेही तुला सांगायला नको.) नज़ीहा ट्रकच्या पुढच्या सीटवर, मांडीवर आरसा घेऊन बसली होती. तिने तो शब्द ऐकला, माझ्या छातीकडे पाहिलं, आणि आरसा उलटा करून ठेवला.

त्या दिवशी ट्रकमधलं सगळं सामान घरात गेलं, फक्त नज़ीहा गेली नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी समजावलं की ती पहिली मालकीण, आपला तिच्याशी संबंध नाही; शब्द म्हणजे वारा. चौतीस वर्षं शब्दांवर भाकरी खाल्लेल्या माणसाने असं म्हणू नये, असं ती म्हणाली. मग शांतपणे म्हणाली, "सी खमैस, मी या घरात नवऱ्यासकट शिरेन आणि सहा महिन्यांत हे घर आपलं नाव खरं करून दाखवेल. आधी नाव बदला, मग गादी घाला." आणि ती दोन गल्ल्या पलीकडे मावसबहिणीकडे निघून गेली.

नऊ दिवस, लल्ला. नऊ दिवस मी माझ्या स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर बसून जेवलो. दुपारी एकला ती झाकलेलं ताट घेऊन यायची, बाहेर दगडावर बसायची, मी आत बसायचो आणि मधे कुसकुस. जाणारा-येणारा थांबून बघायचा. एका पोक्त गृहस्थाने मला बाजूला घेऊन सांगितलं की बायकोने घराबाहेर काढल्याच्या गोष्टी त्याने पुष्कळ ऐकल्यात, पण घराच्या आत काढल्याची ही पहिलीच.

नाव शोधणं मला अवघड वाटलं नव्हतं. ज्याने हजारो पोरांना नामाचे प्रकार शिकवले त्याला एक नाम सुचू नये? पहिल्याच दिवशी मी सुंदर नाव काढलं: दार अल-करार, म्हणजे स्थैर्याचं घर. नज़ीहाच्या मावसबहिणीचा नवरा मशिदीत रोज पुढच्या रांगेत असतो. त्याने कुसकुसचा घास हातातच ठेवून सांगितलं की हे नाव ग्रंथात आहे खरं, पण ते मेल्यानंतरच्या घराचं आहे. मी म्हटलं, बरं, दार अस-सलाम. तो म्हणाला, तेही मेल्यानंतरचंच. मी तिसरं सांगितलं. तेही तसलंच निघालं. लल्ला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपल्या भाषेत घराला जेवढी म्हणून शोभिवंत नावं आहेत, ती सगळी वर आधीच दिलेली आहेत. नज़ीहा म्हणाली की विधवेच्या घरातून निघून थेट कबरीत जायची तिची तयारी नाही, मधे थोडं राहायचं आहे.

मग मुलांना विचारलं. लियॉनहून स्कंदरने कळवलं, 'व्हिला होराइज़न' ठेवा. नज़ीहाने विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, क्षितिज. जिथवर नजर जाते आणि पुढे काही दिसत नाही ते. तिने नुसतं माझ्या छातीकडे पाहिलं. सूसहून रीमने सुचवलं, आईचं नाव द्या. यावर नज़ीहा अर्धा दिवस खूश होती. संध्याकाळी तिला आठवलं की गॅसचं सिलिंडर घेऊन येणारा माणूस भर गल्लीत घराच्या नावाने हाका मारतो, आणि तिचं नाव त्या माणसाच्या तोंडी जाणार. ते बाद झालं. माझं स्वतःचं नाव सुचवायची सोयच नव्हती. खमैस म्हणजे गुरुवारी जन्मलेला, आणि 'दार खमैस' अशी पाटी वाचून लोकांना वाटलं असतं की इथे गुरुवारी काहीतरी मिळतं. उरली जाई. जाईच्या नावाची घरं आमच्या एका गल्लीत चार आहेत, आणि आमच्या एकट्यांचीच जाई मेलेली आहे.

पाचव्या दिवशी मी लमीनकडे मिरचीच्या हरीसाचा डबा आणायला गेलो आणि त्याला म्हटलं, हे नाव तू पसरवतोस, तूच बदल. लमीन वाईट माणूस नाही. तो तागडीतले चणे खाली ठेवून म्हणाला, "सी खमैस, पाटीवर काय हवं ते लिहा. घराचं नाव पाटीवर नसतं, माझ्या तोंडात असतं. आणि माझ्या तोंडातलं नाव तुमच्या सांगण्याने निघायचं नाही. लल्ला महबूबानं सांगितलं तर निघेल."

अशी मला घर विकणाऱ्या त्या बाईची हकिगत कळली. महबूबाचं लग्न झालं तेव्हा ती तेवीसची होती. नवरा स्लीमान बिन मेहरेज़, मासेमारीच्या बोटीवर होता. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर तो हंगामापुरता म्हणून तुमच्या बाजूला गेला, सिसिलीला, आणि परत आला नाही. दोन वर्षांनी बातमी आली की बुडाला. ना प्रेत, ना कागद. गल्लीतल्या बायका तिला शोकाला बसवायला आल्या, तर तिने त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं. मी विधवा नाही, म्हणाली. त्याच संध्याकाळपासून गल्लीने घराला ते नाव दिलं. लमीनचा बाप तेव्हा दुकानात बसायचा. नाव त्याच्या तोंडून लमीनच्या तोंडात आलं, दुकानासकट. अडतीस वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मन्ज़ल तमीमला गेलो. ती भाच्याच्या अंगणात पाटावर बसून कुसकुस वळत होती. लहानखुरी, ताठ पाठीची, हात थांबत नव्हते. मी आपला विषय फार सभ्यपणे काढला. तुमच्या घराचं, म्हणजे आमच्या घराचं, लोक जे म्हणतात ते, म्हणजे गैरसमज नसावा, असं बरंच बोललो. व्याकरणदृष्ट्या त्यातलं एकही वाक्य पूर्ण नव्हतं. तिने मला संपू दिलं. मग म्हणाली, "बदला ना. मी कधीची म्हणतेय. पण बदलायचंच तर त्याच्या नावाने ठेवा. तो आला तर घर कसं विचारेल? हज्जालाचं घर कुठे, असं विचारेल? जिवंत माणूस स्वतःच्या बायकोला विधवा म्हणत दारोदार फिरेल का?"

लल्ला, मी चौतीस वर्षं परीक्षेचे पेपर तपासले, पण असा बिनचूक युक्तिवाद माझ्या पाहण्यात नाही. माझे डोळे भरले (अंगणात पीठ उडत होतं हे खरं आहे, पण पिठामुळे नव्हे). मी तिच्या डोक्यावर हात ठेवणार होतो, ती माझ्याच वयाच्या आसपासची आहे हे आठवून हात मागे घेतला, आणि उठलो तो घरी न जाता थेट नाबुलला गेलो, कुंभारांच्या गल्लीत. फरशीवर पाटी करून देणाऱ्याला म्हटलं, निळ्या अक्षरांत लिही, दार स्लीमान. त्याने विचारलं, वडील का? नाही म्हटलं. मुलगा? नाही. मग? मी म्हटलं, माझ्या घराच्या आधीच्या मालकिणीचा नवरा. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कुंचला उचलला. कडेला मासे मात्र त्याने आपल्या मनाने काढले.

नज़ीहाला हे कसं सांगावं याची मी वाटभर उजळणी केली होती. आपल्या दारावर परक्या पुरुषाचं नाव! पण तिने सगळं ऐकून घेतलं, आणि महबूबाचं वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं. शेवटी म्हणाली की घरात बाईचं उणेपण राहण्यापेक्षा पुरुषाचं नाव राहिलेलं बरं, तो कुठे का असेना. शुक्रवारी पाटी बसली. नज़ीहाने उंबऱ्यावर मोठा ताजा मासा ठेवला, त्याच्यावरून सात वेळा ये-जा केली, उदाचा धूर केला आणि आत गेली. त्या दुपारी मी टेबलावर जेवलो.

खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि मला ती नीट लिहायची आहे, म्हणून कॉफी घेऊन आलो.

शनिवार शांत गेला. रविवारी सकाळी दारात दोन बायका अंडी आणि साखर घेऊन उभ्या. मागे आणखी तीन. त्यांतल्या एकीने मला पाहिलं, तोंडावर हात नेला आणि जिभेने अशी किलकारी दिली की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. मला वाटलं, नव्या शेजाऱ्यांचं स्वागत. केलीबियाच्या माणसांबद्दल मला जिव्हाळा दाटून आला. मी साखर घेतली, अंडी घेतली, आभार मानले, आणि त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं! अल्लाहची कृपा. जरा बारीक झालास, पण आलास." लल्ला, गल्लीने पाटी वाचली होती. गल्लीला त्या घरात एक साठी उलटलेला, पांढऱ्या केसांचा माणूस दिसत होता, ज्याला इतके दिवस एक बाई उंबऱ्याबाहेर बसून जेवायला घालत होती. गल्लीने दोन आणि दोन एकत्र केले. स्लीमान परत आला होता, आणि महबूबाने, अगदी बरोबर, त्याला घरात एकटा कोंडला होता. (नज़ीहाला त्यांनी कोण धरलं होतं हे मी विचारलं नाही. तिने विचारलं. उत्तर मला ती अजून सांगत नाही.)

मी खुलासा केला. पाटीवरचा हा संबंधाचा प्रयोग आहे, 'अमक्याचं घर' म्हणजे तो अमका घरात आहेच असं सिद्ध होत नाही, उदाहरणार्थ राजाचा रस्ता. पण व्याकरण ऐकून कुणी अंडी परत नेत नाही. दुपारी एका म्हातारीने माझ्या पायाशी थुंकून विचारलं की एक पत्रसुद्धा टाकता आलं नाही का. मी खरंच गोंधळून म्हटलं, क्षमा करा. का म्हटलं, मला माहीत नाही. कुणीतरी म्हणायला हवं होतं असं वाटलं.

मंगळवारी, दुपारच्या नमाजानंतर, ख्लीफा आला. पंचाहत्तरी उलटलेली, हातात काठी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि हात असे की अजून दोर ओढत असावेत. स्लीमानबरोबर एकाच बोटीवर होता तो. नज़ीहा तेव्हा बाजारात होती. त्याने दार चाचपलं, पाटीवरून बोटं फिरवली, मग माझा हात धरला तो सोडलाच नाही. मी म्हटलं, अम्म ख्लीफा, मी तो नव्हे, मी शिक्षक आहे, ट्यूनिसचा. तो म्हणाला, बस आधी. मी त्याला लिंबाखाली बसवलं, चहा केला, पुदिना घातला, साखर घातली. आणि तो बोलायला लागला.

त्याचं बोलणं मी जसंच्या तसं लिहीत नाही. काही शब्द त्याचे त्याच्याकडे राहू देत. पण हकिगत अशी. स्लीमान बुडाला नव्हता. तो गेल्यावर दोन वर्षांनी ख्लीफाची बोट माज़ाऱ्याच्या धक्क्याला लागली, तेव्हा त्याने त्याला पाहिलं, मासळीच्या खोक्यांशी, एका बाईबरोबर. खांद्यावर लहान मुलगी होती. दोघं धक्क्यावर समोरासमोर उभे राहिले. स्लीमान म्हणाला, सांग की मी बुडालो. खरं सांगितलंस तर ती रोज मरेल, हे सांगितलंस तर एकदाच. ख्लीफा तेव्हा अडतीसचा होता, त्याला हे शहाणपणाचं वाटलं. घरी येऊन त्याने कॉफीच्या दुकानात सांगितलं. वादळ कुठल्या दिवशी झालं तेही सांगितलं, लाटेची उंचीसुद्धा. "मला वाटलं होतं ती रडेल, वर्षभराने दुसरं लग्न करेल," तो म्हणाला. "ती रडलीच नाही. ती थांबली. मी बुडवलं ते तुला नाही, तिला." मग तो म्हणाला की आता तू आलास, तर माझ्या मानेवरचं हे उतरव. मला माफ केलं म्हण.

लल्ला, मी काय करायला हवं होतं? मी आधीच सांगितलं होतं की मी तो नव्हे, हे खरं. पण त्याने ऐकलं नाही तेव्हा मी पुन्हा सांगितलं नाही, हेही खरं. मला ऐकायचं होतं. आता तो आंधळा म्हातारा माझा हात धरून माफी मागत होता, आणि ती माफी ना माझी होती, ना स्लीमानची. असलीच तर मन्ज़ल तमीमला कुसकुस वळत बसलेल्या बाईची होती. मी म्हटलं, "अम्म ख्लीफा, मी स्लीमान नाही. माझं नाव खमैस आहे. मला माफ करायचा हक्क नाही."

त्याने चहाचा पेला चाचपडत खाली ठेवला. मग म्हणाला, "चहात साखर घातलीस तेव्हाच कळलं मला. स्लीमान बिनसाखरेचा प्यायचा. पण म्हटलं, एवढ्या वर्षांनी त्याच्या नावाचं दार उघडं दिसतंय, बोलून टाकावं. आता पुन्हा बंद झालं तर?" आणि उठून, पाटीवरून परत एकदा बोटं फिरवून, काठी टेकत गेला. मी बाहेरपर्यंत गेलो नाही.

नज़ीहा आल्यावर तिला सगळं सांगितलं. छातीत दुखलं का, एवढंच तिने आधी विचारलं. दुखलं होतं, पण जाळ्यांच्या बाजूला नव्हे. महबूबाला सांगावं की नाही यावर आम्ही दोन दिवस घालवले. सांगितलं तर चाळीस वर्षांची वाट एका वाक्यात पुसली जाते. नाही सांगितलं तर तीच वाट आता माझ्या दारावर, माझ्याच खर्चाने, निळ्या अक्षरांत चालू राहते. गुरुवारी आम्ही दोघं ताजे मासे घेऊन मन्ज़ल तमीमला गेलो. मी ठरवून गेलो होतो की सांगायचंच. पण भाच्याने मला पाण्याचा पंप दाखवायला नेलं, पंप बिघडलेला होता, मग जेवण झालं, मग महबूबाने विचारलं की पाटी कशी दिसते. मी म्हटलं, लांबून वाचता येते. ती "बरं झालं" म्हणाली. आणि मी ते सांगितलं नाही. परतीच्या टॅक्सीत नज़ीहा खिडकीबाहेर बघत होती, मीही दुसऱ्या खिडकीबाहेर बघत होतो.

तर लल्ला, घराला नाव मिळालं, आम्ही दोघं आत आहोत, छत कोरडं आहे. गल्लीत आता निम्मे लोक मला सी स्लीमान म्हणतात, आणि मी हाकेला ओ देतो, कारण नाही दिली तर ते पुन्हा पहिल्यापासून अभिनंदन करतात. मुलांना शुभाशीर्वाद, जावयांना सलाम. तब्येतीला जप, जिन्यावरून कठडा धरून उतर.

तुझा भाऊ,
खमैस

ता. क. तू माज़ाऱ्याला बावीस वर्षं आहेस, आणि तिथल्या आपल्या लोकांत तुला ठाऊक नाही असं काही नसतं. जरा चौकशी कर. स्लीमान बिन मेहरेज़. वय आता पंच्याहत्तरीच्या आसपास. डाव्या हाताचं मधलं बोट वरच्या पेरापासून तुटलेलं, बोटीच्या चाकात गेलं होतं असं ख्लीफा म्हणाला. जिवंत असेल तर कळव. नसेल तरीही कळव, म्हणजे मला महबूबाला खरं तेच सांगता येईल, आणि निदान दोन्हींपैकी एक वाक्य तरी पूर्ण होईल. एवढं लांब पत्र मी खरं तर यासाठीच लिहिलं. नज़ीहाला हे मी सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. लल्ला दूजा, मी नज़ीहा. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं (चिकटलेलं असतं तरी मी वाचलंच असतं). तुम्ही त्या माणसाला शोधू नका. सी खमैसना लिहा की चौकशी केली, कुणालाच माहीत नाही.

महबूबाला सगळं ठाऊक आहे. हे त्या पंपाशी होते तेव्हा आम्ही दोघी मासे तळत होतो. मी एवढंच म्हटलं की ख्लीफा आमच्याकडे येऊन गेला. तिने मासा उलटला आणि म्हणाली, "बोलला का शेवटी?" तिला एकतीस वर्षांपूर्वी कळलं. कुणीतरी तिकडून कुणाच्याशा लग्नातला एक फोटो आणला होता, कोपऱ्यात तो, हाताशी सातआठ वर्षांची मुलगी. तिने फोटो चुलीत घातला आणि कुणाला बोलली नाही. मी विचारलं, मग तो येईल, घर विचारेल, असं ह्यांना का सांगितलंस? तर म्हणाली, "नज़ीहा, समुद्रात हरवलेल्या माणसासाठी पुरुष काय वाटेल ते करतात. नवऱ्याने टाकलेल्या बाईला नुसता सल्ला देतात. मला पाटी हवी होती. अडतीस वर्षं माझं उणं दारावर लटकलं, आता त्याचं नाव लटकू दे. जाणारा-येणारा विचारू दे, कोण हा, आणि आहे कुठे."

ह्यांना यातलं काही कळवू नका. रोज सकाळी ओल्या फडक्याने ती पाटी पुसतात. पुसू देत, त्यांच्या जिवाला ते बरं आहे.

आता माझं काम. तिथून महबूबासाठी एक ओढणी पाठवा, लाल. इतकी वर्षं काळं नेसली नाही म्हणून गल्ली बोलायची, आणि लाल नेसली असती तर त्याहून बोलली असती. बिचारी सगळा जन्म तपकिरी रंगात वावरली. पुढच्या महिन्यात आठ दिवस ती आमच्याकडे राहायला येणार आहे, आणि गल्लीतून चालत यायचं म्हणते. मी म्हटलं, ओढणी इथे बाजारातून आणते. नको म्हणाली, "घ्यायची तर माज़ाऱ्याची घे. त्या एका फोटोशिवाय तिकडून मला कधी काही आलं नाही."